डावीकडचा

जळगाव जामोदच्या बस स्टँडमागच्या गल्लीत समता इंगळेचं दोन खोल्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत खिडकीला लागून कॉम्प्युटर, मागच्या खोलीत तिची आई सिंधूताई. दारावर पाटी नाही. पण तालुक्यात कुठंही विचारा, बॅनर कोण बनवतं, तर लोक समताताईचंच नाव घेतात. वाढदिवस, बारसं, लग्न, भीमजयंती, सरपंचाचा सत्कार, भावपूर्ण श्रद्धांजली. वीस वर्षं ती हेच करते आहे. मोबाइलवर फोटो येतो. फोटोतलं अंगण, गुरं, दोरीवरचे कपडे ती कापून टाकते, माणसाला मागं निळं आभाळ देते नाहीतर पुढं समई ठेवते, आणि फाईल खामगावला छापायला पाठवते. पन्नाशीच्या शुभेच्छांना वापरलेला फोटो दोन वर्षांनी हार घालून पुन्हा वापरायची वेळ कितीदा तरी आली होती. त्याचं तिला काही वाटत नसे.

वाटायला लागलं ते दोन हजार एकवीसच्या एप्रिलपासून.

त्या वर्षी जयंतीची बॅनरं रद्द झाली होती आणि दुसरीच कामं येत होती. रोज आठ, रोज दहा. माणसं दारात यायची नाहीत, नुसता फोटो यायचा, खाली नाव आणि तारीख. सिंधूताई मागच्या खोलीतून विचारायची, आज कोन गेलं, आणि समता सांगायची नाही.

एकवीस तारखेला दुपारी एक अनोळखी नंबर आला. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावातला रामेश्वर नावाचा माणूस बोलत होता. त्याचे वडील कडूबा आदल्या दिवशी गेले होते. त्याचा स्वतःचा फोन दवाखान्याच्या धावपळीत हरवला होता, म्हणून मित्राच्या फोनवरून तो फोटो पाठवत होता. फोटोत एका लग्नाच्या मांडवात दोन भाऊ उभे, दोघांना गुलाबी फेटे, दोघांच्या मिशा सारख्या. खाली लिहिलेलं होतं: ‘उजवीकडचे आमचे वडील. डावीकडं गोविंदाकाका.’

समताचं त्या दिवसातलं ते नववं काम होतं. तिनं मजकूर टाईप केला, फोटो उघडला आणि डावीकडचा माणूस कापून बॅनरवर घेतला.

बॅनर गावच्या फाट्यावर लागलं. सकाळी आठ वाजता लागलं आणि दहाला उतरलं, पण दोन तासांत गाव पाहून गेलं होतं. कडूबाच्या नावाखाली त्याचा धाकटा भाऊ गोविंदा, गळ्यात हार, कपाळावर चंदन. आणि तो तर भावाची राख सावडायला गेला होता, चालता बोलता. लोक म्हणाले, बरं झालं, मेल्याची खोटी आवई उठली की माणसाचं आयुष्य वाढतं.

रामेश्वरचा फोन आला. तो भांडला नाही. रडून रडून बसलेल्या आवाजात त्यानं एवढंच विचारलं, की ताई, फोटो चुकला कसा? आणि समताच्या तोंडून निघून गेलं, “दादा, तुम्हीच डावीकडचा लिहिलं होतं.”

 पलीकडून तो म्हणाला, “असंल. मले काही सुधरूनच नाही राह्यलं.”

तिनं दुसरं बॅनर फुकट करून दिलं. बाराव्या दिवशी दुसऱ्याच कुठल्या नंबरवरून रामेश्वरनं पुन्हा फोटो पाठवला. तोच मांडव, तेच दोन फेटे. या वेळी खाली लिहिलं होतं, ‘डावीकडचे. काल गेले.’

समतानं ते काम केलं.  मग फोनमधले दोन्ही मेसेज तिनं खोडून टाकले आणि कॉम्प्युटरमधलं ते फोल्डर नुसत्या एका रेघेचं नाव देऊन दूर कुठंतरी सरकवून ठेवलं. आईला सांगितलं नाही, कुणालाच नाही.

त्यानंतर तिचं काम बाहेरून पहिल्यासारखंच चाललं. आतून मात्र तिला एक खोड लागली. चेहरा कापताना माऊसची रेघ गळ्यापाशी आली की हात थांबायचा. हा जिवंत आहे ना? ती गिऱ्हाइकाला फोन करून विचारायची. वाढदिवसाच्या कामाला असं विचारलं की लोक चिडायचे. एकदा बाजारात गुलाबी फेटा बांधलेला पाठमोरा माणूस दिसला, तर ती भाजीची पिशवी तिथंच टाकून घरी आली. सिंधूताईनं विचारलं, काऊन, काय झालं? ती म्हणाली, ऊन लागलं.

कॉम्प्युटर जुना होत गेला. विंडोज सात होतं, ते इतकं मागं पडलं की त्यावर व्हॉट्सअप उघडेना. खामगावचा छापखानावाला रोज सांगायचा, ताई, नवीन सिस्टीम टाका, तुमची फाईल आमच्याकडं फाटून येते. समता म्हणायची की माझे मराठी फॉन्ट जुने आहेत, नव्यावर चालत नाहीत. ते काही खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. बदल करायचा म्हणजे कुणीतरी सगळं उघडून बघणार, काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते तिला विचारणार.

शेवटी दोन हजार पंचवीसच्या एप्रिलात कॉम्प्युटर सुरूच होईना. तिनं प्रज्वलला बोलावलं. प्रज्वल चाळिशीचा, कॉलेजात लॅब सांभाळणारा, कमी बोलणारा माणूस. त्यानं पेटी उघडली, धूळ फुंकली आणि आतलं बहुतेक सगळंच बदलावं लागेल म्हणून सांगितलं. नवी डिस्क, नवी विंडोज. जुन्या डिस्कवरचं काय काय घ्यायचं?

“सगळं घ्या,” समता म्हणाली. “एक रेघेचं फोल्डर आहे, तेवढं नका घेऊ.”

प्रज्वलनं मान हलवली. दोन दिवसांनी तो कॉम्प्युटर जोडून देऊन गेला. पडदा लख्ख, माऊस पाण्यासारखा चालणारा. जुने फॉन्ट मात्र त्यानं संध्याकाळी येऊन टाकतो म्हणून सांगितलं होतं. त्यामुळं तिच्या वीस वर्षांच्या फाईली उघडल्या, तर शुभेच्छा आणि श्रद्धांजलीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांची खिचडी. नावं कुणाचीच वाचता येत नव्हती. फक्त चेहरे होते.

ती चहा घेऊन परत खुर्चीत बसली, तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन वर आला. ‘चार वर्षांपूर्वी, आजच्या दिवशी.’ नव्या सिस्टीमचा फोटोंचा प्रोग्रॅम स्वतःहूनच जुने फोटो शोधून काढत होता. चौकोनात गुलाबी फेट्यातला गोविंदा होता, गळ्यातला हार अजून ताजा.

समताच्या हातातला चहा मांडीवर सांडला. भाजलेलं तिला कळलंच नाही.

तिनं प्रज्वलला फोन केला. तो सहज म्हणाला, की हो, घेतलं ना ते फोल्डर. माणूस घाईत टाका म्हणतो आणि मग रडतो, म्हणून मी कुणाचंच काही टाकत नाही. ती रागावली नाही. फोन ठेवला आणि रेघेचं फोल्डर उघडलं. आत मांडवातला पूर्ण फोटो, तिन्ही बॅनरं, आणि एक छोटी मजकुराची फाईल. तीही खिचडी झालेली. पण ते फॉन्ट वीस वर्षं तिच्या बोटांत होते. कुठल्या इंग्रजी अक्षराच्या जागी कुठलं मराठी अक्षर बसतं हे तिला डोळे मिटून माहीत होतं. तिनं एकेक अक्षर लावत वाचलं: उजवीकडचे आमचे वडील. त्या दुपारी मेसेज समोर ठेवून तिनंच ते उतरवून घेतलं होतं.

सिंधूताई दाराशी आली, सांडलेला चहा पाहिला, मुलीचं तोंड पाहिलं. या वेळी समतानं सगळं सांगितलं. सिंधूताईनं फडक्यानं चहा पुसून घेतला. मग म्हणाली, “जाय. त्या गोविंदाच्या बायकोच्या घरी जाय. इथं बसून तो तुले रोज दिसंल.”

दुसऱ्या दिवशी समता दुपारच्या बसनं गेली. पिशवीत मांडवातला फोटो होता, न कापलेला, मोठा करून काचेत बसवलेला. गोविंदाची बायको गीताबाई ओट्यावर तुरीची डाळ पाखडत होती. अंगण एकच होतं, पण मधोमध तुराट्यांचा कूड घातलेला, पलीकडं कडूबाचं घर. समतानं आपलं नाव सांगितलं, बॅनर बनवणारी म्हणून सांगितलं. गीताबाईचं सूप थांबलं.

समता उभ्याउभ्याच बोलत राहिली. उजवीकडचा म्हणून लिहून आलं होतं, चूक माझ्या हातची, आणि वर मी खोटं बोलले, चूक त्यांच्यावर ढकलली. बोलून झाल्यावर ती शिव्यांची वाट पाहत राहिली.

गीताबाईनं विचारलं, “म्हंजे रामेश्वरनं नाही केलं ते?”

“नाही मावशी. त्यानं बरोबर लिहिलं होतं.”

गीताबाई हळूहळू बोलू लागली, आणि समताला जे माहीत नव्हतं ते समोर येत गेलं. दोघा भावांचं त्या वर्षी बांधावरून वाजलं होतं. बॅनर लागलं तेव्हा रामेश्वरनं सगळ्यांसमोर कबूल केलं होतं, की माझ्या हातून चुकीचं लिहिलं गेलं. पण गीताबाईला ते पटलं नव्हतं. नवरा गेल्यावर तिनं पुतण्याला भर अंगणात म्हटलं होतं, तू जितेपणी माझ्या माणसाला हार घातला. कूड तेव्हाच घातला गेला. रामेश्वर त्यानंतर गावात राहिलाच नाही. सुरतेला कापडाच्या कारखान्यात लागला, आणि आई अन्नपूर्णाबाई पलीकडं एकटी.

“बॅनरानं माणूस मरत नाही, हे मले काय समजत नव्हतं?” गीताबाई म्हणाली. “त्याले तवाच ताप होता. भावाले खांद्यावर घेऊन दवाखान्यात हिंडला, तिथंच धरला त्याले. मले म्हने, कोनाले सांगू नको, राख सावडू दे. मी नाही सांगतलं. मंग मले कोनावर तरी आग काढा लागे ना, बाई.”

समता खाली बसली. चार वर्षं तिला वाटत होतं की तिनं एक माणूस मारला. तो तिनं मारलेला नव्हता. पण त्याच्या जागी आता हा तुराट्यांचा कूड होता, आणि तो मात्र तिचा होता. एका वाक्याचं खोटं. एक फोन केला असता तर तो उभाच राहिला नसता.

गीताबाईनं फोटो हातात घेतला, पदरानं काच पुसली. दोघा भावांचा एकत्र असा दुसरा फोटो घरात नव्हता. ती उठली आणि कुडाला वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेली. समताला तिची पाठ दिसत होती. दार उघडायला वेळ लागला. आतून आलेली म्हातारी फोटोकडं आधी पाहत राहिली, मग जावेकडं. त्या काय बोलल्या ते इकडं ऐकू आलं नाही. शेवटची बस चारची होती. समता निघाली.

दिवाळीच्या आधी रामेश्वर गावी आला आणि गीताबाईनं समताला जेवायला बोलावलं. कूड काढलेला होता. तुराट्या भिंतीशी रचून ठेवल्या होत्या. दोघी जावांनी मिळून स्वैपाक केला होता. रामेश्वर तिच्यासमोर पंगतीला बसला. चाळिशीच्या आतच त्याचे केस पांढरे झाले होते. तो तिच्याशी वाईट वागला नाही. पाण्याचा तांब्या पुढं सरकवला, आईला म्हणाला, ताईले भाकर वाढ. समतानं माफी मागितली तेव्हा तो खाली मान घालून भाकरीचा तुकडा कुस्करत राहिला.

“मित्राच्या फोनवर होतं ते,” तो म्हणाला. “त्याचा फोन त्याच हप्त्यात बिघडला, मंग मले पाहाले भेटलंच नाही. रोज याद करो मी, काय लिहिलं होतं आपुन. उजवीकडचा का डावीकडचा. मशीनवर उभा राहून याद करो. चार वर्सं.”

 समतानं घास उचलला, कारण दोघी बायका तिच्याकडं पाहत होत्या, आणि गिळला.

आता ती पूर्वीसारखंच काम करते. कॉम्प्युटर झकास चालतो, छापखानावाल्याची तक्रार नाही. गोविंदा तिला दिसत नाही. दिसतो तो रामेश्वर, सुरतेच्या कुठल्याशा कारखान्यात, तिनं कधी न पाहिलेल्या यंत्रासमोर उभा, ओठ हलवत. तो दिवाळी करून पुन्हा तिकडंच गेला. गावात आता राहवत नाही म्हणाला.