पाणी मागणाऱ्या काकू

शुक्रवार, दुपार. घरच्या पंचांगात मार्गशीर्ष, सरकारी कागदावर फसली सनाचा बहमन महिना. हजर: मोठ्या बाई, कन्याशाळेच्या दोन शिक्षिका, दवाखान्यातल्या नर्सबाई, पेठेतल्या एका आडत्याची सून, हजेरी मांडणारी मी, आणि गाडी उशिरा आल्यामुळे सगळ्यांच्या मागून, डोक्यावरचा पदर सावरत, जांबच्या काकू. त्या आल्या, भिंतीला टेकून बसल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

निजामी अंमलाची ती शेवटची वर्षं. जालन्यात समाजसेवेचा अर्धवेळ डिप्लोमा सुरू झाला होता. परीक्षा हैदराबादची, वर्ग आमचा, आणि तोही जुम्म्याच्या सुट्टीपुरता. मोठ्या बाई शिकवत. हजेरी, वेळापत्रक आणि उमेदवारांबरोबर घरभेटींना जाणं हे माझं काम. वर्गाची खोली जिनिंगच्या भिंतीला लागून होती. हंगामात कापसाचे तंतू खिडकीतून आत येत आणि उन्हाच्या तिरिपेत तरंगत राहत. कुणाच्या केसांवर, कुणाच्या पाटीवर ते सावकाश उतरत. आज इतक्या वर्षांनी त्या वर्गातला एखादा चेहरा आठवायला गेले, तर आधी तो पांढरा तरंग दिसतो आणि मग त्याच्या आतून काकू दिसतात, डोळे मिटलेल्या.

पहिल्याच दिवशी बाईंना वाटलं, प्रवासाने दमून झोपल्या. त्यांनी जरा चढ्या आवाजात विचारलं, मी आत्ता काय सांगितलं? काकूंनी डोळे न उघडता सगळं जसंच्या तसं सांगितलं, बाई मध्ये दोनदा खोकल्या तेही. मग म्हणाल्या, "डोळे उघडे असले की मला माणसं दिसतेत, बाई. मंग शब्द ऐकू येत न्हाईत." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, पण त्यानंतर त्यांनी काकूंना कधी टोकलं नाही.

काकू जांबच्या एका शेतकरी घरातल्या. नवरा गेलेला, पदरात एक मुलगी, राहणं दिराच्या वाटणीच्या घरात. पहाटे बैलगाडीने परतूर, तिथून रेल्वेने जालना, संध्याकाळच्या गाडीने परत. इतका आटापिटा कशासाठी, ते त्यांनी, मी त्यांना स्टेशनावर सोडायला गेले होते तेव्हा, मला सांगितलं. परतूरला बायकांसाठी एक केंद्र निघणार होतं. डिप्लोमा असेल त्या बाईला पगार, आणि केंद्राच्या मागे राहायला खोली. पगाराचं त्या फारसं बोलल्या नाहीत. खोलीचं बोलल्या. "तिचं दार मी आतून लावीन," एवढंच म्हणाल्या आणि रुळांकडे पाहत राहिल्या. ते दार त्यांना तिथे, त्या उन्हात, खरंच दिसत असावं. मग सावकाश हात पुढे करून त्यांनी हवेतच कडी लावून पाहिली.

डिप्लोमाचे नियम मी मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावले होते. काकू दर शुक्रवारी एकेक वाचत आणि त्यावर शेरा देत. तीन चतुर्थांश हजेरी आवश्यक, या नियमावर म्हणाल्या, "म्हंजे पाव भाग घरचे आडवे येणार, हे हैदराबादवाल्यांना आधीच ठाऊक हाय." नातलगांच्या घरी भेटी देऊ नयेत, हे त्यांना बिलकुल पटलं. नातलग खरं कधी सांगतात का, असं त्यांचं म्हणणं. एका नियमापाशी मात्र त्या थांबत आणि काही न बोलता पुढे जात. घरभेटीला गेलेल्या उमेदवाराने त्या घरी काही खाऊ-पिऊ नये, काही घेऊ नये. नियम चांगल्या मनाने केलेला होता. गरिबाच्या घरावर आपला भार पडू नये, आणि कुणाच्या चहाला जागून अहवाल गोड होऊ नये. आमच्या वर्गातल्या बायका तो काटेकोर पाळत. बाकीच्या नियमांसाठी मला मागे लागावं लागे. या एकासाठी कधीच लागलं नाही.

काकूंची घरात शिरायची रीत निराळी होती. त्या कुशलही आधी विचारत नसत. उंबऱ्यावर बसायच्या, गुडघे दाबायच्या आणि काहीतरी मागायच्या: सावली, सुई-दोरा, विस्तव. त्यांचं म्हणणं असं, की आपण ज्या घरात काही मागत नाही, ते घर आपल्याला काही देत नाही. आपल्याला तर त्यांची हकीकत मागायची असते, मग सुरुवात लहान गोष्टीने करावी.

त्यांना भेटींसाठी नदीपलीकडची वस्ती मिळाली. गावात ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, अशांची. पहिल्या घरी केरसुण्या बांधणारी एक बाई होती, गिरजा नावाची. तिचं मूल महिनाभर तापाने पडलं होतं आणि ती दवाखान्याची पायरी चढायला तयार नव्हती. आधी आमच्या वर्गातल्या दोघीजणी तिच्याकडे जाऊन आल्या होत्या, अंगणात उभं राहून विचारून. गिरजाने त्यांना सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं होतं.

मी काकूंबरोबर होते. दुपार इतकी स्तब्ध होती, की शिंदीच्या पानांची सळसळ थांबली तरी कानात चालू राहावी. काकू उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "गिरजे, तांब्याभर पाणी दे माय."

गिरजा हलली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. आत गेली. तांब्या राखेने घासल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. किती वेळ ती घासत होती कोण जाणे. मला वाटलं, आता संध्याकाळ होईल. पाणी घेऊन आली, पण तांब्या लगेच पुढे केला नाही. तिने विचारलं, "चालतंय का तुम्हाला?"

"तहान लागल्यावर न चालायला काय झालं," काकू म्हणाल्या. आमच्याकडे तांब्या वर धरून धार तोंडात सोडतात. काकूंनी तो ओठांना लावला. प्यायल्या आणि अर्धा माझ्याकडे दिला. मीही प्याले. पाणी गार होतं, आणि त्याला राखेचा किंचित वास होता.

मग गिरजा खाली बसली आणि बोलू लागली. दवाखान्यात तिला एकदा व्हरांड्याबाहेर उभं केलं होतं, औषधाची पुडी लांबून टाकली होती; मूल मेलं तरी पुन्हा जाणार नाही असं तिने ठरवलं होतं. त्या रात्री काकू जालन्यातच थांबल्या, दुसऱ्या दिवशी मूल स्वतःच्या खांद्यावर घेऊन दवाखान्यात गेल्या आणि आमच्या वर्गातल्या नर्सबाईंसमोर त्याला टेबलावर निजवलं. मूल वाचलं. त्यानंतर त्या वस्तीतल्या प्रत्येक घरी काकूंसाठी तांब्या आधीच भरून ठेवलेला असे.

तोंडी परीक्षेच्या आधी मोठ्या बाईंनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं. मुलाचं सांगा, पाण्याचं काढू नका. विचारणार कोण आहे? काकूंनी मान हलवली. बाईंना ती होकाराची वाटली.

परीक्षक हैदराबादहून आलेले, वयस्कर, मृदू बोलणारे. त्यांनी विचारलं, दोघींना जे सांगितलं नाही, ते गिरजाने तुम्हालाच का सांगितलं? काकूंनी डोळे मिटले आणि पाण्यापासून सुरुवात केली.

साहेबांनी अहवाल पुन्हा चाळला. काम उत्तम आहे म्हणाले, पण उसूल तो उसूल. तो मोडला ही चूक झाली, एवढी एक ओळ लिहून द्या, मी सही करतो. त्यांनी दौत पुढे सरकवलीसुद्धा. बाई काकूंकडे डोळ्यांनी विनवत होत्या. मला परतूरची ती खोली आठवत होती.

"चूक झाली असं लिहू?" काकूंनी विचारलं. "कशाची? तिच्या घरच्या पाण्याची?"

"नियमाची, बाई."

"नियम चांगला हाय, साहेब. पण तो आमच्याकडं आला की त्याचं सोवळं होतंय. बाकीच्या बायका नियम म्हणून पाणी पेत न्हाईत. गिरजीला कसं कळावं, ह्या नियमानं न्हाई म्हणतेत का जातीनं?"

साहेबांनी दौत परत ओढली. सही केली नाही. नापासही केलं नाही. नियमात सुधारणा सुचवून पाठवा, समितीपुढे ठेवतो, तोवर निकाल राखून ठेवू, असं बाईंना म्हणाले. सुधारणेचा मसुदा करायचं काम बाईंनी मला दिलं.

मी तो केला आणि पाठवला. उत्तर येण्याआधी दिवस पालटले. गावोगाव भीती पसरली, गाड्या कधी येत, कधी येत नसत, वर्ग बंद पडला. शेवटच्या शुक्रवारी मी काकूंना स्टेशनावर पोचवायला गेले, तेव्हा फलाटावर आम्ही दोघीच होतो. परतूरच्या जागेवर दुसरी बाई नेमली गेली होती, हे त्यांना कळलेलं होतं. गाडी सुटली तेव्हा खिडकीत त्यांचा चेहरा होता, डोळे उघडे. पहिल्यांदाच मला वाटलं, त्या माझ्याकडे पाहताहेत.

संस्थान गेलं, त्याबरोबर ती समितीही गेली. काही वर्षांनी मी जांबला गेले. काकू दिराच्याच अंगणात, लिंबाखाली बसल्या होत्या. मुलगी शिक्षिका होऊन भोकरदनला नोकरीला लागली होती. तिच्याकडे का जात नाही विचारलं, तर म्हणाल्या, तिच्या खोलीचं दार ती आतून लावते, तेवढं बराबर हाय. गावातल्या कुठल्याही वस्तीत आजारी माणूस असलं की बोलावणं त्यांनाच येई. डिप्लोमाचं त्यांनी नावही काढलं नाही. मी उठले तेव्हा मात्र डोळे मिटूनच विचारलं, "तो नियम बदलला का गं?"

"नाही," मी म्हणाले.

"बदला मंग. जल्दी न्हाई, पण बदला."

ती आमची शेवटची भेट. आता विद्यापीठाचा तसाच अर्धवेळ डिप्लोमा आमच्या जिल्ह्यात सुरू होतो आहे, आणि नियमांच्या समितीत मी आहे. हजेरी, मुदत, लेखी, तोंडी, सगळं लिहून टंकायला दिलं आहे. घरभेटीचा नियम राहिला. 'पाणी घेण्यास हरकत नाही' असं लिहून पाहिलं. ते परवानगी दिल्यासारखं वाटलं. 'पाणी घ्यावे' लिहिलं. मग ते हुकमाचं पाणी झालं, आणि हुकमाने प्यायलेलं पाणी गिरजाला ओळखू आलं असतं. दोन्ही ओळी खोडल्या. समिती सोमवारी बसते आहे, आणि मला अजून तो नियम लिहायचा आहे.