हरल्यानंतरचा नमस्कार

सिंगापूरला, टॅम्पिनीसमधल्या आमच्या कॉन्डोत समोरच्या दारी एक जपानी कुटुंब राहायचं. नवरा आंग मो किओतल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत, बायको घरी. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी त्या बायकोचे वडील तिच्याकडे राहायला आले आणि मी पुण्यात हौसेने शिकलेल्या जपानीला अखेर काही काम मिळालं. एरवी माझा नवरा जहाजावर इंजिनिअर, म्हणजे निम्मं वर्ष समुद्रावर. लेक शाळेतून येऊन माझ्याशी इंग्रजीत बोलणार. मग जपानी बोलायचं तरी कोणाशी?

म्हातारबुवा पुढारी होते. उभा जन्म त्यांनी एका कोळ्यांच्या गावातून निवडून येण्यात घालवला होता. जपानात पुढाऱ्यालाही मास्तरांसारखंच ‘सेन्सेई’ म्हणतात, याचं मला फार हसू आलं. आमच्याकडच्या पुढाऱ्यांना मास्तर म्हणून पाहा बरं! पण पुढे मीही त्यांना तेच म्हणू लागले. त्यांनी गावाला लाटा अडवणारा बांध मिळवून दिला, पूल आणला, थोडे दिवस मंत्रीही झाले. स्वतः मात्र सांगायचे ते बारशी, लग्नं आणि मयतींबद्दल. कोणाच्या घरी कोण कशाने गेलं, कोणाची सून कुठली, सगळं तोंडपाठ.

आणि म्हातारपणी, पहिल्यांदाच, पडले.

त्यांच्या मुलीने मला हे लिफ्टपाशी हळू आवाजात सांगितलं. “आमच्याकडे हरलेला उमेदवार दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनबाहेर उभा राहतो. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला वाकून नमस्कार करतो. बाबा तो न करताच इकडे निघून आले. आई तिकडे एकटी आहे. मी विषय काढला की ते खोलीत जातात. मला भीती वाटते, ते आता परत जाणारच नाहीत.”

वरून बघणाऱ्याला हे काही कळलं नसतं. हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांवर, जेवायला गेलो की सेन्सेई प्रत्येक टेबलापाशी थांबून दोन्ही हातांनी हस्तांदोलन करायचे. नूडल्स खाणारी माणसं दचकायची, मग हसायची. “आई, अंकल सो फनी लाह!” लेक म्हणायची. इथे यांना मत देणारं कोणी नाही, हे त्यांच्या हातांना कोण समजावणार?

तेवढ्यात आमच्या मराठी मंडळाची निवडणूक आली. मी कार्यवाहपदाला उभी राहिले, आणि सेन्सेईंच्या अंगात वीज संचारली. प्रचार त्यांनी स्वतःकडेच घेतला. मत मागायचं नाही, म्हणाले. घरी जायचं, बसायचं, देतील ते खायचं आणि सासऱ्यांचा गुडघा कसा आहे ते विचारायचं. त्यांच्याकडे उमेदवार पांढरे हातमोजे घालतात म्हणून माझ्यासाठी एक जोडही आणला. सिंगापूरच्या घामट हवेत साडीवर हातमोजे! मी साफ नाही म्हटलं. ते स्वतः मात्र कोट घालून माझ्याबरोबर दारोदार हिंडले. दर घरी कांदेपोहे खाल्ले. एका काकूंकडे त्यांनी ठेच्याचा भलामोठा घास तोंडात टाकला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. काकूंना वाटलं, माणूस फार हळवा आहे.

एवढं करून मी पडले. चांगली सपाटून पडले. ठेचेवाल्या काकूंनीही समोरच्या गृहस्थांनाच मत दिलं, हे त्यांच्या नजर चुकवण्यावरून कळलं. मला असा संताप आला! हरल्यावर काय करायचं हे आपल्या माणसांना शिकवावं लागत नाही: मंडळाचं तोंड बघायचं नाही आणि पुढच्या गणपतीला आपलं वेगळं मंडळ काढायचं. रात्रीच मी नव्या मंडळाचं नावसुद्धा ठरवून टाकलं होतं.

सकाळी बेल वाजली. दारात सेन्सेई, कोट-टायमध्ये.

“चला, आभार मानायला.”

“कोणाचे? मला पाडलं त्यांचे?”

“त्यांचे आधी.”

माझा तोल गेला. “आणि तुम्ही? तुम्ही मानलेत का गावाचे आभार?”

त्यांनी टायची गाठ नीट केली. मग म्हणाले, “नाही मानले. न मानता राहिलं की झोप कशी लागत नाही, ते मला माहीत आहे. म्हणून तर आलो.”

मी निमूट साडी बदलली.

काकूंनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला. मी “उभी राहिले तेव्हा घरी बसवून खाऊ घातलंत, आभार मानायला आले,” म्हटलं, तर त्यांनी मला मिठीच मारली आणि रव्याच्या लाडवांचा डबा हातात कोंबला. जिंकलेल्या गृहस्थांची तर तारांबळ उडाली. “अहो वहिनी, आत या ना, आत या!” सेन्सेई त्यांच्यापुढे कमरेत वाकले, ते सरळच होईनात. गोंधळून तेही वाकले. मी तिथे उभी राहून हसत होते, आणि माझ्या डोक्यातलं नवं मंडळ केव्हा मोडलं ते मला कळलंच नाही. खाली आल्यावर सेन्सेईंनी विमान कंपनीचं ऑफिस कुठे आहे ते विचारलं.

ते जपानला परतल्यावर काही दिवसांनी त्यांची मुलगी माझ्या दारात आली. हसत होती आणि डोळेही पुसत होती. आईचा फोन आला होता. बाबा भल्या सकाळी स्टेशनबाहेर जाऊन उभे राहिले. इतके महिने उलटल्यावर हा माणूस वाकतोय कशासाठी, हेच लोकांना कळेना. शेवटी मासळी विकणारी एक म्हातारी टोपली खाली ठेवून त्यांच्यासमोर उभी राहिली आणि सगळ्यांदेखत त्यांना फाडफाड बोलली.

“मत दिलं नाही म्हणजे काय हाकलून दिलं होतं का तुला?”