खडकवासल्याचा वारा

कंपनीतल्या मित्राच्या हट्टापायी मी आणि बायको त्याच्यासोबत खडकवासल्याला शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत उतरलो. आम्ही तिघंही नवखे, म्हणून आयोजकांनी एक म्हातारे गृहस्थ सुकाणूवर बसवले. ते टोपी कानांवरून वर सरकवून गप्प बसून राहिले. आमचं मात्र "शीड ओढ", "सोड", "तुला सांगितलं होतं" चालूच. सगळ्या होड्या पुढे गेल्या.

मी वैतागलो. "अहो, तुम्ही काही सांगणार आहात की नाही?"

"वारा कुठून येतोय ते कानाला कळतं," ते शांतपणे म्हणाले. "आपण तिघं जरा थांबलात, तर सांगतो."

आम्ही ओशाळून थांबलो. ते सांगतील तसं शीड ओढलं, तेव्हा कुठे होडी हलली. शेवटून दुसरे आलो. परतताना वाटेतल्या धायरीपर्यंत चूक कुणाची, हा विषय कुणीच काढला नाही.