एनिंगर मास्तरांचं खिडकीखालचं गाणं

जर्मनीतल्या बाडेन संस्थानात ड्यूकविरुद्ध झालेलं बंड मोडून प्रशियाचे सैनिक गावात शिरले, तेव्हापासून एनिंगर मास्तरांच्या घशाखाली घास उतरेना. बंडात त्यांनी काडीचाही भाग घेतला नव्हता. शाळेत मुलांना शिकवावं, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवावा, उरल्या वेळात कविता कराव्यात, असा हा माणूस. पण लग्नाआधी बायकोच्या, म्हणजे वालबुर्गाच्या, खिडकीखाली म्हणायला त्यांनी एक गाणं रचलं होतं: ‘ऊठ गं, उघड दार, वारा फिरला.’ थंडी सरली, एवढाच त्याचा अर्थ. तेच गाणं म्हणत बंडखोर पोरं खांद्यावर बंदुका टाकून निघाली होती. आता ते नुसतं गुणगुणला म्हणून शेजारचा पिंपं बनवणारा आत गेला. मास्तरांनी कवितांचे कागद चुलीत घातले.

एका दुपारी गावचा शिपाई बेख्टले दारात उभा राहिला.

“मास्तर, ते गाणं तुमचं, असं म्हणतात.”

“ह्यांचं?” वालबुर्गा हसली. “अहो दादा, ह्यांना बाजारातून धड मीठ आणता येत नाही. गाणी कसली जुळवतात!”

मास्तरांनी मान डोलावली.

“मीही प्रशियन साहेबांना तेच म्हटलं,” बेख्टले वळला. “चाल मात्र झकास हं! ऊठ गं, उघड दार, वारा पेटला...”

“फिरला,” मास्तर बोलून गेले. “वारा पेटतो का कधी?”

वालबुर्गानं डोळे मिटून घेतले.

“काय केलंत हे, मास्तर!” शिपाई कळवळला. “आता न्यावं लागणार तुम्हाला.”

चौकशीत साहेबांना पटेना, की हे प्रेमगीत आहे. शेवटी वालबुर्गाला बोलावलं. लालबुंद होऊन ती म्हणाली, “माझ्यासाठीच होतं ते. आणि मी दार उघडलं नव्हतं. हे आपले पावसात भिजत उभे!” साहेब खो खो हसले. मास्तर सुटले, पण शाळा गेली, ऑर्गनही गेला.

मग दोघं तिच्या भावाच्या गावी मधमाश्या पाळून राहिली. मास्तर लिहीत, पण ओळ न् ओळ आधी वालबुर्गा वाचायची.

“‘सफरचंदं पिकली’ म्हणजे?”

“पिकली म्हणजे पिकली.”

“कुणाला वाटायचं, ड्यूकसाहेबच पिकलेत, आता पडणार.”

मास्तरांनी घाईनं ओळ खोडली. “मग कच्चीच ठेवू?”

“कच्चीच बरी.”

म्हणून त्यांच्या दोन बारीकशा पुस्तकांत एकही फळ पिकत नाही. ती फारशी कुणी विकत घेतली नाहीत. दारावर थाप पडली की मास्तर शेवटपर्यंत आधी वालबुर्गाकडे बघत, मग दाराकडे.