इस्तारीनं दात पांढरे केले

वैनगंगेकाठचा इस्तारी ढिवर मासे धरायची जाळी विणायचा, आणि काय विणायचा! ब्रह्मपुरीच्या बाजारात लोक त्याचं जाळं उलगडूनसुद्धा बघत नसत. इस्तारीचं आहे म्हटलं की झालं. त्याचा तिसरा हात म्हणजे त्याचे दात. दोन्ही हातांनी गाठ फिरवायची आणि सुताचं टोक पुढच्या दातांत धरून हिसका द्यायचा. गाठ अशी बसे, की नखानं उकलायची नाही. पाण्यात कुजू नये म्हणून सूत ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळलेलं असे. दहा वर्षं ते धरून धरून त्याचे दात तपकिरी पडले होते.

छप्पन साली त्याची सोयरीक पलीकडच्या काठच्या मनसारामच्या प्रेमिलाशी जुळत आली. मनसारामला जाळं विणणारा जावईच हवा होता. अडली ती मुलीची आत्या, देवकाबाई. पोराचे दात पाहून तिनं नाक मुरडलं. तंबाखू खाऊन दात सडवलेत मेल्यानं, असल्याला पोरगी द्यायची? आता बोला! थोरांपुढं उलट बोलायची रीत नाही, म्हणून इस्तारी गप्प उठून घरी आला. प्रेमिला त्याच्या मनात भरली होती. ती हातची जाते की काय, या भीतीनं त्याला अन्न गोड लागेना.

पुढच्या बाजारी एक दातवाला येऊन बसला. काडीला कापूस गुंडाळून बाटलीतलं औषध दातांवर फिरवायचा. फेस यायचा, चूळ भरली की दात पांढरे. इस्तारीनं आरशात बघितलं तर सोललेल्या लसणासारखे दात! ते औषध म्हणजे पाणी घातलेलं तेजाब, हे त्याला कोण सांगणार? फायदा मात्र लगोलग झाला. देवकाबाई हसली, सुपारी फुटली, आणि मनसारामनं एकच मागणं घातलं: लग्नाआधी आमच्या तलावासाठी तुझ्या हातचं एक जाळं दे.

तोटा त्यानंतर कळला. पाण्याचा घोट घेतला की कळ मस्तकात जाई. कच्ची चिंच खाल्ल्यावर दात आंबतात ना, तसे आंबले ते आंबलेलेच राहिले. सूत धरून हिसका दिला की डोळ्यांत टचकन पाणी. त्यानं पायाच्या अंगठ्यात सूत धरून पाहिलं, खुंट्याला बांधून पाहिलं. गाठ सैल ती सैलच. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलं की असंच होतं. पण असलं जाळं आपल्या नावावर द्यायचं? त्यापेक्षा लग्न मोडलेलं बरं, असं त्यानं ठरवलं, आणि ठरवताना रडला.

अर्धं जाळं काखोटीला मारून तो मनसारामच्या ओसरीवर गेला आणि सगळं सांगून टाकलं.

"दात पांढरे केले मामाजी, तं गाठ गेली. मले आता जाळं जमत नाई. तुमची पोरगी तुमी राखा."

देवकाबाईनं तोंडाला पदर लावला.

प्रेमिला दाराआडून ऐकत होती. ठरलेल्या पोरीनं नवऱ्यासमोर येऊ नये, हे तिला काय ठाऊक नव्हतं? तरी ती आली आणि त्याच्या पुढ्यात बसली.

"तुमी गाठ घाला," ती म्हणाली. "सूत मी धरते."

आणि तिनं टोक दातांत धरलं. मनसाराम मान फिरवून अंगणाकडे बघत बसला. नाही मात्र म्हणाला नाही.

लग्न झालं. पुढं सगळी जाळी दोघांनी अशीच समोरासमोर बसून विणली, आणि गाठ पहिल्यासारखी पक्की बसू लागली. दोन वर्षांत प्रेमिलाचे पुढचे दात तपकिरी झाले. बाजारातल्या बाया तिला म्हणत, नवऱ्याचे दात पाह्य कसे पांढरेशुभ्र, अन् तुहेच काऊन वं असे? ती खळखळून हसे. शेजारी बसलेला इस्तारी तेवढा वेळ मान वर करत नसे.