फोन माझ्याच नंबरवरून गेला होता

भुताखेतांच्या गोष्टी मी वर्गात मुलांनाही सांगू देत नाही. केडगावला विज्ञान शिकवते मी. त्यामुळे हे इथे लिहिताना हात अडखळतोय... पण घरात कुणाला सांगायची सोय नाही.

माझं सासर अकोले तालुक्यातलं. गेल्या उन्हाळ्यात नणंदेच्या बाळाचं बारसं होतं, तिच्या सासरी, भंडारदऱ्याच्या बाजूला. जेवणं आटोपून आम्ही दुपारीच परत निघालो. जीप सुभाष भाऊजी चालवत होते – माझे धाकटे दीर. शेजारी सासूबाई. मागे मी, जाऊ रेखा आणि तिच्या दोन मुली. आमचे मिस्टर ड्यूटीमुळे आलेच नव्हते.

पहिल्याच वळणावर मला कळलं. भाऊजींनी तोंडात बडीशेप कोंबली होती, तरी वास लपत नव्हता. चढावर गिअर बदलायचं विसरत होते. समोरून एसटी आली की ऐनवेळी गाडी आत घेत होते. रेखानं धाकटीला छातीशी घट्ट धरलं होतं, पण नवऱ्याला बोलायची तिची हिंमत नव्हती.

मी भीतभीत म्हटलं, "भाऊजी, जरा थांबूया का? चहा घेऊ."

"वहिनी, मी काय आजच गाडी चालवतोय व्हय? बसा निवांत."

सासूबाईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. गप्प बस, असं ते पाहणं होतं. आणि मी गप्प बसले.

पोलिसांना कळवावं, हे मनात आलं होतं... खोटं कशाला बोलू? पण सख्ख्या दिराला पकडून दिलं म्हणतील! शिवाय बारशाचे व्हिडिओ काढून माझा मोबाईल कधीच बंद पडला होता. ते कारण मला बरंच वाटलं. रेखाकडे मोबाईल होता. मी मागितला नाही.

फाट्यावर दोन पोलिसांनी हात केला. एकानं भाऊजींना उतरवून मशीनमध्ये फुंकायला लावलं. दुसरे हवालदार खिडकीशी आले.

"सविता मॅडम कोण? तुमीच फोन केल्ता ना?"

"मी? नाही हो!" सासूबाईंसमोर माझा आवाज चिरकला.

त्यांनी स्वतःचा मोबाईल पुढे धरला. कंट्रोल रूमचा मेसेज होता. नाव माझं, नंबरही माझाच. खाली जीपचा नंबर, आणि – 'चालक माझे दीर आहेत. प्यायलेत. सांगायला लाज वाटते, पण गाडीत मुली आहेत.'

मी पर्समधून मोबाईल काढला. बटण दाबून धरलं. स्क्रीन काळीच.

"घाबरू नका," हवालदार हळूच म्हणाले. "बरं केलं तुमी. पुढं उतार लई वाईट हाय."

भाऊजींवर केस झाली. घरी येऊन मोबाईल चार्ज केला, तर कॉल लिस्टमध्ये काहीच नाही. मिस्टर म्हणतात, घाबरून केला असशील, आठवत नसेल. बंद मोबाईलवरून?

सासूबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. ते सोसतं. पण दिवाळीत रेखानं स्वयंपाकघरात माझा हात धरला. "ताई, तुमी नसता तर माझ्या पोरी..."

तेव्हा तरी खरं सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. आणि म्हणाले, "अगं, त्यात काय एवढं..."

तो फोन कुणी केला, मला आजही माहीत नाही. मी केला नाही, एवढंच माहीत आहे.