केंद्राध्यक्ष निकानोरा

सान्ता रीतात ज्याने निकानोरा तेपोलेचे तमाल खाल्ले नाहीत, असा माणूस शोधायचा तर दुसऱ्या गावाला जावं लागेल. गेली एकतीस वर्षं ती चौकातल्या हाकारांदाच्या झाडाखाली बसते. मक्याचं पीठ चरबी घालून हलकं होईपर्यंत फेटायचं, लाल मिरचीतलं डुकराचं मांस भरायचं, केळीच्या पानात गुंडाळून पत्र्याच्या उंच डब्यात वाफवायचं. सकाळी सात वाजता तिने झाकण उचललं की वास थेट चर्चमध्ये शिरतो. त्या वासानेच पाद्रीबुवा रविवारचं प्रवचन आवरतं घेतात, असं गावात उघड बोललं जातं.

तिला अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याचं तिला फारसं वाईटही वाटत नसे, पण एकदा ती पुतणीच्या लग्नाला निघाली आणि पाटी न वाचता भलत्याच बसमध्ये चढली. उतरली त्या गावातही लग्न होतंच. बँड वाजत होता, पानं वाढलेली होती. ती जेवली, दोन नाच नाचली, नवरीच्या गळ्यात पडून रडलीसुद्धा. मग लक्षात आलं, ही पुतणी नव्हे. लोकांनी तिला हसत हसत परत बसमध्ये बसवलं, वर केकचा तुकडा बांधून दिला. दुसऱ्या दिवशी निकानोराने चर्चच्या मागच्या खोलीतल्या प्रौढांच्या वर्गात नाव घातलं. दीड वर्षात ती वाचायला लागली. हळू वाचायची, ओळीखाली बोट धरून, पण एकही शब्द गाळायची नाही.

दर सहा वर्षांनी राज्याच्या गव्हर्नरची निवडणूक आली की उमेदवार तिच्या दुकानी हजेरी लावत. तमाल खाताना फोटो काढला नाही तर सान्ता रीतात मत पडत नाही, अशी समजूतच होती. यंदा तिघं उभे होते. गुरांच्या मोठ्या वाड्याचे मालक एवारिस्तो कासोर्ला घोड्यावरून आले, सहा तमाल खाल्ले आणि बोटं चाटली. डॉक्टर एल्विरा सांतिबान्येस यांनी दोन खाल्ले आणि मिरची कुठली म्हणून विचारलं. तिसरे राजधानीचे माजी महापौर रोदोल्फो बारादास. त्यांनी एक घास तोंडात घेतला, फोटो होईपर्यंत तिथेच ठेवला आणि गाडीत बसताना रुमालात काढला.

"हा निवडून आला तर राज्यही असंच थुंकून टाकेल," निकानोरा म्हणाली.

"हळू बोल, कोमाद्रे," शेजारी लिंबू-संत्री विकणारी चेपिना कुजबुजली. चेपिना निकानोराच्या लेकीची धर्ममाता, त्यामुळे दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत आणि एकमेकींना हवं ते सुनावत. "त्याने मला बादली दिलीये."

बादल्या, टोप्या, पिशव्या, सदरे, स्वयंपाकाचे एप्रन यांचा गावात पूर आला होता. निकानोरा डॉक्टरबाईंचा एप्रन बांधून, कासोर्लांची टोपी घालून, बारादासच्या पिशवीतून तमाल देई. "तिघांनाही वाटतं मी त्यांचीच," ती म्हणे, "आणि माझा खर्च वाचतो."

एप्रिलमध्ये तिला पत्र आलं. निवडणूक कार्यालयाने चिठ्ठ्या टाकून महिना आणि अक्षर काढलं होतं, त्यात तिचा जन्ममहिना आणि आडनाव बसलं होतं. सान्ता रीताच्या शाळेतल्या मतदान केंद्रावर तिने काम करावं, अशी विनंती होती.

"लॉटरीच लागायची होती तर बैल तरी लागायचा," चेपिना म्हणाली.

"बैलाला चारा घालावा लागतो," निकानोरा म्हणाली. पत्र तिने तिसऱ्यांदा वाचलं. सरकारने तिला नावाने लिहिलेलं हे पहिलंच पत्र.

निवडणूक कार्यालयाकडून यारेत्सी नावाची तरणीताठी मुलगी गुलाबी जाकीट घालून शिकवायला आली. केंद्राच्या अध्यक्ष होत्या शाळेच्या उबाल्दिना बाई, सचिव औषधांच्या दुकानाचे एफ्रेन. निकानोरा पहिली मोजणीदार, आणि दुसरा पोन्सिआनो न्हावी. त्याचं अक्षर मोत्यासारखं, बोलणं मात्र मोत्यांइतकंच दुर्मिळ. यारेत्सीने प्रत्येकाला नियमांची पुस्तिका दिली. बाकीच्यांनी ती कपाटात ठेवली. निकानोराने मात्र ती दुकानात डब्याशेजारी ठेवली आणि गिऱ्हाईक नसताना वाचत बसली. महिन्याभरात पुस्तिकेला चरबीचे इतके डाग पडले की पानं उजेडात आरपार दिसायला लागली.

पुस्तिकेत एक नियम होता, केंद्रावर कुठल्याच उमेदवाराची खूण चालणार नाही. निकानोराने घरातले एप्रन काढले, अकरा निघाले आणि अकराच्या अकरांवर कोणी ना कोणी हसत होतं. शेजारणींकडे पाहिलं, तीच गत. शेवटी तिने न्हाणीघराचा जुना फुलाफुलांचा पडदा कापून मतदानाच्या रविवारसाठी नवा एप्रन शिवला.

रविवारी साडेसातला सगळे शाळेत जमले. उबाल्दिना बाईंना नववा महिना लागला होता, पण डॉक्टरांनी आणखी दोन आठवड्यांची तारीख दिली होती. बाई मतपेटी जुळवायला वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"निका मावशी," त्या हळूच म्हणाल्या, "बहुतेक बाळाला तारखेचं माहीत नाही."

निकानोराने खाली पाहिलं. फरशी ओली झाली होती. "एफ्रेन! गाडी काढ!"

"पण मी सचिव आहे," एफ्रेन म्हणाला.

"गावात आज चालू स्थितीत एकच गाडी आहे आणि ती तुझी आहे. सचिवपण नंतर बघू!"

बाईंनी जाता जाता मतपत्रिकांचं पाकीट निकानोराच्या हातात दिलं. "आता तुम्हीच, मावशी." आणि गाडी धूळ उडवत दवाखान्याकडे गेली.

बाहेर रांगेत शंभरेक माणसं उभी. आत उमेदवारांचे प्रतिनिधी बसले होते. कासोर्लांच्या वतीने जाडजूड आबुंदिओ, डॉक्टरबाईंच्या वतीने त्याचीच पुतणी लिचा, आणि बारादासच्या वतीने बाहेरगावचा एक पाहुणा. तो आल्यापासून पेंगत होता.

"आता काय?" आबुंदिओ उठला. "अध्यक्ष नाही, सचिव नाही. केंद्र बंद करा."

"अध्यक्ष आहे," निकानोरा म्हणाली. "मी."

"तू? अगं, तू अक्षर शिकून दहा वर्षं झाली नाहीत! तमाल उकडणं वेगळं आणि निवडणूक घेणं वेगळं."

"दोन्हीत झाकण वेळेवर उघडावं लागतं," लिचा म्हणाली. "गप्प बसा, काका."

निकानोराचे कान तापले होते. उत्तर देण्याऐवजी तिने एप्रनच्या खिशातून पुस्तिका काढली आणि आबुंदिओपुढे धरली. "पान बावीस. वाच."

आबुंदिओने पुस्तिका हातभर लांब धरली. जवळ आणली. पुन्हा लांब नेली. "चष्मा घरी राहिला," तो पुटपुटला.

"मग ऐक." तिने ओळीखाली बोट ठेवलं. "अध्यक्ष आणि सचिव हजर नसतील, आणि मोजणीदार हजर असेल, तर त्याने अध्यक्षपद घ्यावं, आणि उरलेल्या जागा रांगेतल्या मतदारांतून भराव्यात." एकही शब्द न गाळता तिने वाचलं. मग पुस्तिका मिटली. "पोन्सिआनो सचिव. आणखी दोघं हवेत."

ती दारात गेली. "कोण येतंय काम करायला? दिवसभर बसायचं, जेवण माझं."

"तमाल असतील तर मी," चेपिनाने रांगेतून हात वर केला. "पण खुर्ची मोठी हवी. ही पहिलीच्या पोरांची आहे, हिच्यात माझं अर्धंच मावेल." तिच्या मागचा सुतारही आला. साडेआठला मतदान सुरू झालं.

पहिलाच मतदार कासोर्लांचं तोंड छापलेला सदरा घालून आला. "हा चालणार नाही, काढ," निकानोरा म्हणाली.

"मावशी, खाली काही नाही माझ्या."

"मग उलटा करून घाल."

तो दाराआड जाऊन उलटा घालून आला. मागच्याने पाहिलं, त्याच्या मागच्याने पाहिलं, आणि हळूहळू अर्धी रांग शिवणी बाहेर आणि उमेदवार आत अशी उभी राहिली. कारण गावात पैसे देऊन घेतलेला सदरा आता कोणाकडे उरलाच नव्हता.

ब्याण्णव वर्षांचे सिरिलो आजोबा काठी टेकत आले. मतपत्रिका हातात घेऊन त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "निका, तूच सांग. फुली कोणावर मारू?"

आबुंदिओ आणि लिचा दोघंही पुढे झुकले.

"आजोबा, आज मी मुकी आहे."

"तू? मुकी?" आजोबा म्हणाले. "मग राज्यात खरंच काहीतरी बदलतंय." आणि ते पडद्याआड गेले. बराच वेळ बाहेर येईनात. बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं, "पत्रिकेवरच्या फोटोत तिघंही टोपी न घातलेले बरे दिसतात."

दुपारी एकच्या सुमारास एफ्रेनची गाडी भोंगा वाजवत आली. त्याने खिडकीतूनच ओरडून सांगितलं, "मुलगी! तीन किलो दोनशे! दोघी खुशाल!" रांगेने टाळ्या वाजवल्या. आबुंदिओ आणि लिचाने एकमेकांना मिठी मारली. पेंगणारा पाहुणा दचकून जागा झाला आणि त्याने विचारलं, "कोण निवडून आलं?"

सहा वाजता निकानोराने दार बंद केलं. पेटी उघडून मतपत्रिका शिक्षकांच्या टेबलावर ओतल्या. मग ती एकेक उचलून मोठ्याने वाचू लागली. कासोर्ला. सांतिबान्येस. कासोर्ला. बारादास. चेपिना आणि सुतार ढीग लावत, आणि पोन्सिआनो लिहीत होता.

एका पत्रिकेवर डॉक्टरबाईंच्या चौकटीत फुली होती आणि तिच्याखाली लिहिलं होतं, 'पूल बांधा, नाहीतर बघा.'

"बाद!" आबुंदिओ ओरडला. "ही धमकी आहे."

"ही विनंती आहे," लिचा म्हणाली.

काका-पुतणी अर्धा तास भांडले. त्यात पूल निघाला, जुनी विहीर निघाली, आजीची कर्णफुलं कोणाकडे गेली तेही निघालं. निकानोराने त्यांना दमू दिलं. मग पान एकतीस उघडून वाचलं, की एकाच चौकटीत खूण असेल आणि मतदाराचं मन स्पष्ट कळत असेल तर मत धरावं. "मन तर इतकं स्पष्ट आहे की मलाच भीती वाटली," ती म्हणाली. "मत वैध." आबुंदिओने मान डोलावली.

पुढची पत्रिका उचलून ती वाचायची थांबली.

"काय झालं, कोमाद्रे?" चेपिनाने विचारलं.

मतपत्रिकेत खाली एक रिकामी जागा असते. यादीत नसलेल्या माणसाला मत द्यायचं असेल तर त्याचं नाव तिथे लिहायचं. तिथे वाकड्यातिकड्या अक्षरात कोणीतरी लिहिलं होतं, 'निकानोरा तेपोले, तमालवाली.'

"वाच ना मोठ्याने," लिचा म्हणाली. "अध्यक्ष आहेस तू. वाचावंच लागतं."

निकानोराने वाचलं. मानेपासून कपाळापर्यंत ती लाल झाली. चेपिना इतकी हसली की पहिलीच्या पोरांची खुर्ची अखेर मोडली. आणि हे एकच मत नव्हतं. अशी सात निघाली. शेवटच्या पत्रिकेवर नाव लिहून पुढे 'मिरची जास्त' असं लिहिलेलं होतं.

"हे कुठल्या रकान्यात लिहू?" पोन्सिआनोने विचारलं. दिवसभरात त्याने काढलेला हा पहिलाच शब्द.

"नोंद नसलेला उमेदवार," ती खाली बघत म्हणाली. "सात."

कासोर्ला दोनशे चौदा, सांतिबान्येस एकशे त्र्याहत्तर, बारादास अडतीस. एका मतासाठी अर्धा तास भांडलेले काका-पुतणी एक्केचाळीस मतांचं अंतर ऐकून एकमेकांकडे पाहत राहिले. निकालाचा मोठा कागद दारावर लावायचा असतो आणि त्यावर अध्यक्षांची सही लागते. निकानोराने आकडे आधी अंकात, मग अक्षरात लिहिले. 'त्र्याहत्तर'पाशी अडली. तिने पोन्सिआनोकडे पाहिलं नाही. ओठ हलवत स्वतःशीच जोडलं आणि लिहिलं. मग आईवडिलांनी दिलेलं सगळं नाव लिहिलं, निकानोरा दे ला लूस तेपोले. बाहेर थांबलेली माणसं कागद वाचायला पुढे सरसावली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना तिने वाचून दाखवलं, दोन वेळा.

यारेत्सीच्या गाडीतून मोहोर लावलेलं पाकीट जिल्ह्याच्या ठिकाणी पोचवून ती परतली तेव्हा दवाखान्यापाशी गाडी थांबवायला लावली. उबाल्दिना बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाळ झोपेतच मूठ चोखत होतं.

"केंद्र कसं झालं, मावशी?"

"तुमच्यापेक्षा सोपं," निकानोरा म्हणाली, आणि दोघी बाळ जागं होईल इतक्या मोठ्याने हसल्या.

राज्यात डॉक्टरबाई निवडून आल्या. सान्ता रीतात कासोर्ला जिंकले म्हणून आबुंदिओने तरीही फटाके लावले. निकानोराने स्वतः कोणाला मत दिलं ते चेपिनालासुद्धा सांगितलं नाही, आणि ते चेपिनाने तिला अजून माफ केलेलं नाही.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सात वाजता चौकात माणसं जमली. हाकारांदाखाली डबा नव्हता. साडेसात झाले, आठ झाले. शेवटी चेपिना, पोन्सिआनो, आबुंदिओ आणि आणखी दहा-बाराजण तिच्या दारात गेले आणि ठोठावू लागले. गेल्या एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं.

"कोमाद्रे! बरी आहेस ना?"

आतून उशीत तोंड खुपसलेला आवाज आला. "बरी आहे. झोपलेय. तमाल उद्या."

"आणि आज आम्ही काय खायचं?" आबुंदिओने विचारलं.

"पुस्तिका वाचा," निकानोरा आतून म्हणाली आणि कूस बदलून पुन्हा झोपी गेली.